वच्छलाबाई पाणी मागायच्या

वच्छलाबाई कोणाच्याही घरी गेल्या की बसायच्या आधी पाणी मागायच्या.

"पाणी आण वो बाई," असं त्या उंबऱ्यातूनच म्हणायच्या, आणि आवाज असा की शेजारच्या घरातली बाईसुद्धा मडक्याकडे वळावी. तहान लागलेली असायचीच असं नाही. एका सकाळी चार घरं झाली तर चारही घरी त्या पेला रिकामा करायच्या. मग परतीच्या वाटेवर मला मोटारसायकल थांबवायला सांगून पळसाच्या आड जायच्या आणि येताना म्हणायच्या, "समाजसेवा लय जड जाते गा गजू."

आमच्या मंडळाचं नाव शेजार मंडळ. पोंभुर्ण्याला बाजाराच्या गल्लीत एका टेलरच्या दुकानामागे आमची खोली आहे. काम साधं आहे. रानात वाघाने माणूस नेला, साप चावला, रानडुकराने फाडलं, पेशंटला अचानक नागपूरला हलवावं लागलं, असं काही एखाद्या घरावर कोसळलं, की पहिल्या काही दिवसांतच त्या घरी रोख पैसे पोचवायचे. सरकारची मदत येते, पण तिला कागद लागतात, आणि कागद जमवायलाही एसटीचं भाडं लागतं. त्या मधल्या दिवसांसाठी आम्ही. मंडळात धावपळ करणारी माणसं तीनच. बाई, हिशोब सांभाळणारे कवडूभाऊ आणि मी. माझं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. ज्याची गाडी कधी बंद पडत नाही असा माणूस, एवढ्याच पात्रतेवर बाईंनी मला घेतलं होतं.

बाई आधी नाटकात होत्या. वडशाच्या नाटक कंपन्यांबरोबर दिवाळीपासून होळीपर्यंत गावोगाव फिरायच्या. अंगाने उंच, रुंद, त्यामुळे ऐन तरुणपणीही त्यांच्या वाट्याला आईचीच कामं आली. "हिरो माह्यापेक्षा मोठा, त्याले दोन पोरं, अन् मी त्याची माय," त्या सांगायच्या. "शेवटच्या अंकात मले मराच लागे. मी मेल्याशिवाय लोक उठतच नव्हते." गुडघे गेले तशी कामं सुटली. मग त्या कंपन्यांचे कपडे शिवू लागल्या, आणि त्या टेलरच्या दुकानातूनच मंडळ सुरू झालं.

मंडळाचा पैसा येतो तोही नाटकातूनच. नाटक रंगात आलं की मध्ये थोडा वेळ बाईंना स्टेजवर सोडायचे. माइक त्या हाताने बाजूला सारायच्या. "घाबरू नका, आज मी मरत नाई," ही त्यांची सुरुवात. लोक हसले की दोन वाक्यांत काम सांगायच्या, आणि मग नाटकातल्या राजाचा मुकुट उलटा करून गर्दीत फिरवायच्या. पदर त्यांनी कधी पसरला नाही. "राजानं मागतलं तर त्याले कर म्हणतात," असं म्हणून पुढच्या रांगेतल्या बड्या शेतकऱ्यासमोर मुकुट धरून तोपर्यंत उभ्या राहायच्या, जोपर्यंत तो खिशात हात घालत नाही.

रडणं त्यांना चालायचं नाही. आम्ही आलेलो पाहून कोणी मुद्दाम गळा काढला की म्हणायच्या, "राहू दे वो. रडाचे पैसे मी लय वर्ष घेतले. देत नाई." दुसऱ्या कोणी हे म्हटलं असतं तर ऐकवलं नसतं. बाई म्हणाल्या की रडणारी चपापून थांबायची, कधी तर तिला हसूच यायचं, आणि मग खरं बोलणं सुरू व्हायचं. कोण कुठल्या दवाखान्यात आहे, म्हशीला कोण पाहतं, लहानग्याला ताप आहे का.

पैशाचं काय करणार हे मात्र त्या कधीच विचारत नसत. कवडूभाऊंना हे सोसायचं नाही. ते एसटीत कंडक्टर होते, तिकीट फाडल्याशिवाय पैसा हलतो हे त्यांच्या जिवाला पटत नसे. एकदा ते तणतणत खोलीत आले. ज्या घरचा कर्ता पुरुष गेला होता, त्या घराने आमच्या पैशातून टीव्हीचं बंद पडलेलं रिचार्ज मारलं होतं.

"बाई, आपण मयतीच्या घरी मदत देल्ली का करमणुकीले देल्ली?"

बाई एका झग्याला जरीचा काठ लावत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "भाऊ, त्या घरी आता सासू अन् सून दोघीच. आठ दिवस एकमेकींशी बोलल्या नाईत. टीव्ही तरी बोलन."

कवडूभाऊंनी पावतीपुस्तक उघडलं. मग म्हणाले, "पण पावती?"

"तुम्ही फाडा. टीव्हीच्या नावानं फाडा."

पाण्याचं कारण त्यांनी मला खूप उशिरा सांगितलं, तेही गाडीवर मागे बसून, त्यामुळे मला त्यांचा चेहरा दिसला नाही. त्यांचे यजमान कंपनीत हार्मोनियम वाजवायचे. ते गेले तेव्हा एक मोठे व्यापारी मदत घेऊन घरी आले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला. ते दारातूनच म्हणाले, "नको नको, मी घरून पिऊन आलो." बाई बौद्ध, आणि ते कोण, हे बाईंनी सांगितलं नाही, मला सांगायची गरजही नव्हती.

"पैसे घेतले मी त्याचे," बाई म्हणाल्या. "गरज होती. पण तो पेला माह्या हातातच राह्यला गा."

म्हणून त्या आधी मागायच्या. त्या घरचं काही पोटात गेलं की मग पैसे काढायच्या. म्हणजे घरातलं माणूस आधी देणारं झालं, मग घेणारं. दोन शेजारी जसे.

आता सोमाजींच्या घरचं सांगतो. मे महिना होता, तेंदूपत्त्याचा हंगाम. सोमाजींचा मुलगा पहाटे पानं तोडायला गेला आणि वाघाने नेला. मागे त्याची बायको वंदना आणि एक तान्हं. आम्ही गेलो तेव्हा सोमाजी पडवीत भिंतीला टेकून बसले होते. वाळलेला, पांढऱ्या मिशांचा, मान ताठ असलेला म्हातारा.

"पाणी आण वो बाई," वच्छलाबाई म्हणाल्या.

वंदना उठली. सोमाजी खाकरले. वंदना पुन्हा बसली.

"हातपंप बाहेर आहे," सोमाजी म्हणाले. आवाजात राग नव्हता. कोणी रस्ता विचारावा आणि सांगावा तसं.

वळचणीला एक कप उलटा खोचलेला मला दिसला, कान तुटलेला. तो कशासाठी असतो ते मला माहीत आहे. आमच्याकडेही, आई होती तोवर, गोठ्याच्या कोनाड्यात तसा एक होता. मी रोज तिथून ये-जा करायचो आणि आईला एका शब्दाने बोललो नाही. त्या पडवीत मला आधी आठवला तो आमचा कप.

"हव, येताना पाह्यला," बाई म्हणाल्या आणि गुडघ्यांवर हात दाबत उठल्या. "चाल गा गजू, हाण."

मी हातपंप हाणला. त्या वाकून ओंजळीने पाणी प्यायल्या, तोंड धुऊन ओल्या हातांनी परत आल्या आणि पैसे वंदनाच्या हातात ठेवून तिची मूठ मिटली. निघताना सोमाजी एकदम बोलले. पाहत मात्र अंगणाकडे होते.

"तुम्ही माय झाल्या होत्या. आमच्या गावात नाटक आलं तेव्हा. मी पाह्यलं."

"मंग?"

"लय रडलो होतो."

"तिकीट काढलं होतं ना?"

"हव."

"मंग फिटलं," बाई म्हणाल्या.

परतताना मी रागाने गाडी दामटत होतो. म्हणजे मला तरी तो राग वाटत होता. आज वाटतं, त्यात शरमच जास्त होती. अर्ध्या वाटेवर बाई म्हणाल्या, "चुकलं आपलं. पैसे देल्ले, पाणी नाई घेतलं. म्हातारा आता आपल्या खाली आला. पोराचं दुःख आहे, त्यात हे. त्याले कसं वाटत असन?"

"बाई, त्यांनी तुमचा अपमान केला."

"तो माहा मी पाहीन. त्या घरचं पाणी मले एकदा पेऊनच जाचं आहे." आणि मग माझ्या पाठीवर थाप मारून, "तू नीट पाहून चालव. तुहं तोंड पाहून लोकांले वाटते, मयत तुह्याच घरी झाली."

त्यानंतर वंदनाला भेटायला त्या दोनदा गेल्या. अंगणातल्या मांडवाखाली बसल्या, तान्ह्याला मांडीवर घेतलं, पाणी मागितलं नाही. सोमाजी आत होते. बाहेर आले नाहीत.

आणि मी काय केलं? त्या पडवीतला प्रसंग पुन्हा पाहायला लागू नये म्हणून मी कोणत्याही घरी जायच्या आधी फोन करू लागलो. "उद्या बाई येणार आहेत. त्या पाणी मागतील. मागायची वाट पाहू नका, स्वतःच द्या. 'घ्या बाई, आमच्या घरचं पाणी' असं म्हणा, त्यांना बरं वाटतं." मी हे बाईंसाठी करतोय असं स्वतःला सांगत होतो. खरं तर ती शांतता मलाच सोसत नव्हती, तो वंदनाचा उठून परत बसण्याचा क्षण. फोन करणारा माणूस पैसेवाल्या मंडळाचा आहे, तो म्हणाला ते ऐकणाऱ्याला काय वाटेल, हा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही.

हिवाळ्यापर्यंत घराघरांत घासलेला तांब्या स्टुलावर तयार दिसू लागला. एका घरी तर लिंबाचं सरबत होतं. जिथे मला धाकधूक वाटायची अशाही घरांतून पाणी पुढे येऊ लागलं. बाई हरखल्या. गाडीवर बसल्या बसल्या म्हणाल्या, "लोक बदलून राह्यले गा गजू."

मी "हव" म्हणालो. त्या एका "हव"चं ओझं अजून माझ्या जिभेवर आहे.

एप्रिलमध्ये जिवतीच्या डोंगरात एका घरी गेलो. नवऱ्याच्या मांडीला डुकराने सुळा लावला होता, नुकताच दवाखान्यातून आणून खाटेवर टाकला होता. घरात तो एकटाच. बायको, कांता, दिसेना.

"बसा जी," तो म्हणाला. "पाण्याले गेली."

बाई दाराशी टेकल्या. उन्हात समोरची सारी टेकडी करपून गेली होती. खूप वेळ गेला. खाटेवरच्या माणसाला कूस बदलायची होती, जमत नव्हतं. बाईंनी उठून त्याला आधार दिला.

"घरात पाणी नाई का?"

"आहे थोडं. पण गढूळ आहे. वरची विहीर आटली, खाली दरीत झरा आहे तिथी गेली." मग आम्हाला उशीर होतोय असं वाटून तो अजिजीने म्हणाला, "येईलच आता. तुम्ही आल्यावर चांगलं पाणी लागते म्हणे. त्याच्याबिगर काम होत नाई म्हणून आयकलं."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाहेर पाहू लागलो.

कांता आली ती घामाने निथळत, डोक्यावर हंडा. तो उतरवून तिने पाणी पदराने गाळलं, तांब्या पुसला, भरला, आणि श्वासही नीट बसला नव्हता तरी दोन्ही हातांनी बाईंपुढे धरला. "घ्या बाई. आमच्या घरचं पाणी."

शब्द न शब्द तोच.

बाईंनी तांब्या घेतला. एक थेंब न सांडता सगळा प्यायल्या. पैसे दिले. "पाय धू आधी," एवढंच कांताला म्हणाल्या आणि निघाल्या. घाट उतरल्यावर त्यांनी गाडी थांबवायला सांगितलं. मला वाटलं नेहमीसारखं असेल. पण त्या उतरून तिथेच उभ्या राहिल्या.

"डायलॉग कोणी लिवला?"

मी गाडी स्टँडवर लावू लागलो.

"गजू, मी इतके वर्ष स्टेजवर काढले. पाठ केलेलं मले आयकू येते. कोणी लिवला?"

"मी."

"याच घरी?"

"सगळ्याच घरी."

त्या रस्त्याकडेच्या दगडावर बसल्या. मी भडाभडा सगळं सांगितलं, सोमाजींच्या पडवीपासून, आमच्या गोठ्यातल्या कपासकट. माफी मागितली, पुन्हा मागितली. त्या ऐकत होत्या की नाही कळलं नाही.

"मले वाटलं होतं लोक..." त्या म्हणाल्या आणि वाक्य तिथेच सोडलं. मग पदराने मान पुसत, "तुही चूक अर्धी आहे. एकच शीन मी इतके वर्ष करून राह्यली. पाठ होणारच लोकांले. पण ते बाई दुखणाईत माणसाले एकट्याले टाकून दरीत उतरली. माह्यासाठी. तो शेठ तरी दारातून गेला होता, त्यानं कोणाले दरीत नाई धाडलं."

त्या दिवसापासून बाईंनी पाणी मागणं सोडलं. घरी गेल्या की आधी पैसे द्यायच्या, मग बसायच्या. मी आधी फोन केलेल्या सगळ्या घरी पुन्हा फोन करून सांगितलं की पाण्याचं काही नाही, पण माझ्या सांगण्याने आता काही पुसलं जात नव्हतं. तांब्या पुढे यायचाच. बाई आणणाऱ्याच्या तोंडाकडे क्षणभर पाहायच्या आणि म्हणायच्या, "ठेव वो, मंग पेईन." उठेपर्यंत तो तसाच भरलेला राहायचा. ओठ कोरडे पडलेले असायचे. मी गाडीला बाटली अडकवली तर तीही त्यांनी घेतली नाही.

"कोण मनानं देऊन राह्यलं अन् कोण कर भरून राह्यलं, मले आता समजतच नाई," एकदा त्या कवडूभाऊंना म्हणाल्या.

पुढच्या वर्षी बाईंची साखर वाढली. होळी झाली की मुलगी येऊन त्यांना नागपूरला आपल्या घरी नेणार असं ठरलं. हंगामाचं शेवटचं नाटक सोमाजींच्या गावात होतं. आम्ही दुपारीच पोचलो. पळस पेटलेले होते, ऊन चटके देत होतं. स्टेजच्या फळ्या लागल्या होत्या, पोरं जेवायला गेली होती. बाई फळीच्या कडेवर पाय सोडून बसल्या होत्या, मांडीवर मुकुट, त्याच्यावरची धूळ पदराने पुसत होत्या. मी खाली वायर गुंडाळत होतो.

गल्लीतून सोमाजी आले. हळूहळू, सावलीसावलीने. हातात पितळी तांब्या, त्यावर पेला उपडा घातलेला. ते बाईंसमोर येऊन उभे राहिले.

बाईंनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. नाही. मी यांना काही सांगितलेलं नाही. मी या गावात कधी फोनच केला नव्हता.

"आज पैसे नाईत माह्यापाशी," बाई सोमाजींना म्हणाल्या. "मीच मागाले आली."

"मी कुठी मागतलं?"

"मंग हे काऊन आणलं?"

सोमाजींनी आभाळाकडे पाहिलं, डोळ्यांवर हात धरून, जणू काही तिथे लिहिलेलं वाचून सांगायचं होतं.

"ऊन आहे," ते म्हणाले.

बाई त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिल्या. जशा त्या आताशा सगळ्यांकडे पाहायच्या. मग त्यांनी हात पुढे केला. सोमाजींनी तांब्या फळीवर ठेवला नाही. पेला भरला आणि हातात दिला. बाई प्यायल्या. पुन्हा पेला पुढे केला, त्यांनी पुन्हा भरला. हनुवटीवरून पाणी गळ्यात उतरत होतं, पातळ भिजत होतं, त्याची त्यांना पर्वा नव्हती. पेला त्यांनी परत केला तोही हातातच.

"आवाज बसला म्हणतात तुमचा," सोमाजी म्हणाले.

"गुडघे बसले. आवाज आज आयका."

"येतो. पुढंच बसतो."

ते वळले आणि आल्या वाटेने निघाले. तांब्या बोटांना अडकवलेला, पेला दुसऱ्या हातात. त्यांच्या वाटेवरच तो हातपंप होता. असा वापरलेला पेला घरात न्यायच्या आधी राखेने घासतात, हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. मी वायर सोडून उभा राहिलो. पाय उंचावून पाहू लागलो, म्हातारा तिथे थांबतो का सरळ जातो.

"गजू, तिकडं पाहू नको."

"बाई, पण..."

"देल्लं त्यानं. पुढचं त्याचं आहे."

मी मान वळवली. कान मात्र तिकडेच होते. हातपंपाचा दांडा वाजला असता तर त्या शांत दुपारी मला नक्की ऐकू आला असता. तेवढ्यात पोरं जेवून परत आली आणि बाजूच्या फळ्यांवर धडाधड खिळे ठोकू लागली.

बाईंना उठायचं होतं. दोन्ही हात फळीला टेकवायचे तर मुकुट ठेवायला जागा नव्हती, म्हणून त्यांनी तो सरळ डोक्यावर घातला. ओली हनुवटी पुसली, कण्हत उभ्या राहिल्या, आणि सगळ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या, "अरे पोट्टेहो, पडदा वर बांधा जरा! मागच्याले काय दिसन?"